कच्च्या मूर्ती आणि टेंपररी टेबल

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की जिते मागे पडल्यावर हमरापूर लागतं, आणि त्याच्या पुढचं स्टेशन पेण. गणपतीला गावी जाणारे आपल्यातले बरेच जण हे स्टेशन झोपेतच ओलांडतात. पण तुमच्या-माझ्या घरी येणारा बाप्पा याच भागातून निघालेला असण्याची शक्यता दांडगी! हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पेण तालुक्यातल्या गावांमध्ये गणपतीचे कारखाने आहेत, आणि हे काम सीझनपुरतं नाही तर जवळजवळ वर्षभर चालतं.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरच्या लेखात गणपती कुठून आला? सांगतो. इथून बाहेर पडणारी प्रत्येक मूर्ती रंगवून झालेली नसते. साच्यातून काढलेली, वाळवलेली, घासून साफ केलेली, पण रंगाचा हात न लागलेली कच्ची मूर्ती इथून ट्रकमध्ये भरून बाहेरगावी जाते. तिथला कारखानदार ती आपल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे रंगवतो, डोळ्यांची आखणी करतो. साचा भरणं, वाळवणं, घासणं हे वेळखाऊ काम एकदाच झालेलं असतं. पुढे त्याच मूर्तीचं पितांबर पिवळं करा नाहीतर लाल. रंग बदलायचा म्हणून कोणी पुन्हा साच्यापासून सुरुवात करत नाही.

आपण मात्र डेटाबेसमध्ये नेमकं तेच करत असतो. मिनी प्रोजेक्टमध्ये तीन रिपोर्ट असले की तिन्हींच्या मागे तीच चार टेबलांची लांबलचक क्वेरी तीनदा लिहिलेली (खरं म्हणजे कॉपी-पेस्ट केलेली!) असते. फक्त शेवटची ओळ वेगळी. क्वेरीचा अर्धवट तयार झालेला निकाल एकदा बाजूला काढून ठेवायचा आणि मग त्यावर हवी तेवढी कामं करायची, या सोयीला टेंपररी टेबल म्हणतात. ओरलला एक्स्टर्नल हे विचारतात, आणि "जे टेबल टेंपररी असतं ते" असं उत्तर ऐकून पुढच्या रोल नंबरला हाक मारतात.

समजा, हमरापूरच्या एखाद्या कारखान्यासाठी आपण डेटाबेस बनवतो आहोत. चार टेबलं पुरतील. 'ग्राहक' मध्ये नाव, गाव, जिल्हा. 'साचे' मध्ये मूर्तीचा प्रकार (दगडूशेठ, लालबाग, टिटवाळा वगैरे), उंची आणि माध्यम, म्हणजे शाडू की पीओपी. 'ऑर्डर' मध्ये कोणी, कुठल्या साच्याचे, किती नग मागितले आणि माल गेला की नाही. आणि 'पावत्या' मध्ये कोणत्या ऑर्डरपोटी कधी किती पैसे आले.

उंची आणि माध्यम हे कॉलम केवळ हौसेचे नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पीओपीच्या मूर्तींना मनाई होती. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायची आणि विकायची वाट मोकळी केली, पण नैसर्गिक पाण्यात परवानगीशिवाय विसर्जन नाही ही अट ठेवली. जुलै २०२५ मध्ये तर सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या असं ठरलं. म्हणजे कारखानदाराला "सहा फुटांच्या आतल्या पीओपीच्या किती, वरच्या किती, शाडूच्या किती?" हा प्रश्न कधीही पडू शकतो, आणि उत्तर लगेच हवं असतं.

आता सीझनमधली एक सकाळ धरा. मालकांना तीन कागद हवेत. पहिला, जिल्हावार किती मूर्ती पाठवायच्या राहिल्यात (ट्रक ठरवायला). दुसरा, साच्यावार किती नग अजून द्यायचेत (कामगारांना सांगायला). तिसरा, कोणाकडून किती पैसे यायचेत (फोन करायला!). तिन्ही कागदांचा पाया एकच: न गेलेल्या ऑर्डरी, त्यांचे ग्राहक, त्यांचे साचे, त्यांची जमा रक्कम. हा पाया एकदाच घालायचा.

आज्ञा अगदी सोपी आहे. क्रिएट टेंपररी टेबल, मग टेबलाचं नाव, मग ॲज, आणि त्यापुढे तुमची नेहमीची सिलेक्ट क्वेरी. (मी देवनागरीत लिहितो आहे, लॅबमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.) सिलेक्टमधून जे कॉलम बाहेर पडतील त्यांचंच टेबल बनतं, वेगळी डिझाइन लिहावी लागत नाही. आपण त्याला 'शिल्लक_ऑर्डर' म्हणू. त्यानंतरचे तीन रिपोर्ट म्हणजे या एका टेबलावरच्या तीन चिमुकल्या ग्रुप बाय क्वेरी.

हे टेबल फक्त तुमच्या सेशनला दिसतं. शेजारच्या मशिनवर बसलेल्याने त्याच नावाचं टेंपररी टेबल बनवलं तरी दोघांची टक्कर होत नाही, प्रत्येकाचं आपापलं. आणि कनेक्शन बंद झालं की टेबल आपोआप नाहीसं होतं. कच्ची मूर्ती न विकली गेली तर पुढच्या वर्षीपर्यंत माळ्यावर राहील, आपलं टेबल मात्र लॉगआउटबरोबर गायब.

इथपर्यंत सोय झाली, वेळ वाचला. पण माझ्या मते टेंपररी टेबलाचा खरा फायदा वेगात नाहीच. तो आहे मधली पायरी डोळ्यांनी बघता येण्यात. साच्यातून काढलेल्या मूर्तीला तडा असेल तर तो रंगाआधी दिसला पाहिजे. रंग चढल्यावर तो झाकला जातो आणि प्रवासात उघडा पडतो. क्वेरीचंही तसंच आहे. एक छोटं उदाहरण घेऊ, वही-पेन घेऊन बसा.

ऑर्डर नंबर १०१ : ५० नग. तिच्यापोटी दोन पावत्या, ५,००० आणि ७,००० रुपये.
ऑर्डर नंबर १०२ : ३० नग. एक पावती, ४,००० रुपये.
ऑर्डर नंबर १०३ : २० नग. अजून एकही पैसा आलेला नाही.

मूर्ती किती द्यायच्या? ५० अधिक ३० अधिक २०, म्हणजे १००. शेंबडं पोरही सांगेल. आता ऑर्डर आणि पावत्या यांचा सरळ जॉइन करा आणि नगांची बेरीज मागा. उत्तर येतं १३०! का? १०१ च्या दोन पावत्या आहेत, म्हणून जॉइननंतर तिच्या दोन ओळी होतात आणि ५० दोनदा मोजले जातात. १०३ ला पावतीच नाही, म्हणून ती यादीतूनच गळते. म्हणजे एका गिऱ्हाइकाला दुप्पट माल आणि दुसऱ्याच्या दारात ऐन चतुर्थीला रिकामा पाट. १०३ गळू नये म्हणून कोणी हुशारीने लेफ्ट जॉइन लावला तर बेरीज होते १५०. दुखणं वाढलं!

यातली खरी मेख पुढे आहे. याच चुकीच्या जॉइनवर जमा पैशांची बेरीज घेतली तर ती १६,००० येते, आणि ती अगदी बरोबर असते. पावती प्रत्येक ओळीत एकदाच असते ना! माणूस पैशांचा आकडा वहीशी ताडून बघतो, तो जुळतो, आणि मग नगांच्या आकड्याकडे संशयाने बघायचं कारणच उरत नाही. मूर्तीच्या धंद्यात हे परवडत नाही. चतुर्थीनंतर उरलेल्या मालाला गिऱ्हाईक नसतं, त्याला पुढच्या वर्षीची वाट बघावी लागते.

उपाय असा. आधी फक्त पावत्या घ्या, ऑर्डर नंबरवर ग्रुप करा आणि रक्कम बेरजून 'जमा' नावाचं टेंपररी टेबल बनवा. त्यात दोनच ओळी येतील: १०१ चे १२,००० आणि १०२ चे ४,०००. इथे थांबा आणि बघा. एका ऑर्डरला एकच ओळ आहे ना? मग ऑर्डरला हे 'जमा' लेफ्ट जॉइनने जोडा. आता नगांची बेरीज १०० येते. १०३ समोर जमा रक्कम नल दिसेल, तिथे कोअलेस वापरून शून्य करून घ्या. नाहीतर ऑर्डरच्या किमतीतून नल वजा केला की येणं पण नलच निघतं, आणि ज्याने एक पैसाही दिलेला नाही नेमका त्याचीच बाकी कोरी दिसते!

हे सगळं एकाच क्वेरीत आतल्या कंसात सबक्वेरी लिहूनही होतं, हे मान्य. वरच्या वर्गातले विद वापरून सीटीई लिहितील, तीही चांगली. पण कंसातल्या निकालाकडे तुम्ही थांबून बघत नाही. 'जमा' मात्र टेबल आहे, त्याच्या ओळी मोजता येतात, ऑर्डर नंबर दोनदा आलाय का ते तपासता येतं. नवशिक्याने तरी अशी पायरीपायरीनेच क्वेरी बांधावी असं माझं स्पष्ट मत आहे. पक्की झाली की मग हवं तर एकत्र करा.

दुसरी भानगड वेळेची. सीझनमध्ये फोन थांबत नाहीत. पहिला रिपोर्ट ९ वाजून १० मिनिटांनी काढला, तेव्हा ४१२ मूर्ती शिल्लक. दोन मिनिटांनी दुसरा काढला, तोवर सहा मूर्तींची नवी ऑर्डर कोणीतरी टाकली, तो म्हणतो ४१८. ट्रकवाल्याच्या हातात ४१२ आणि कामगारांच्या हातात ४१८. दोन्ही कागद आपापल्या क्षणी खरे, पण एकत्र ठेवले की भांडण. तिन्ही रिपोर्ट एकाच 'शिल्लक_ऑर्डर' मधून काढले की आकडे एकमेकांशी जुळतात, कारण ते टेबल म्हणजे त्या क्षणी काढलेला फोटो आहे. फोटो काढल्यावर कोणी रांगेत येऊन उभा राहिला तर तो फोटोत दिसत नाही, तसंच.

म्हणूनच या टेबलात वेळेचा एक कॉलम टाकावा आणि प्रत्येक कागदावर वर "सकाळी ९.१० ची स्थिती" असं छापावं. टेंपररी टेबल आपणहून ताजं होत नाही. दुपारी दोनला त्याच सेशनमध्ये पुन्हा रिपोर्ट काढाल तर सकाळचेच आकडे येतील, आणि कॉम्प्युटर चुकीचं सांगतो म्हणून बोंब होईल. ताजे आकडे हवेत तर टेबल काढून टाकून पुन्हा बनवायचं.

बारकाईने वाचणारा इथे विचारेल, की 'जमा' एका क्षणी बनवलं आणि 'शिल्लक_ऑर्डर' दुसऱ्या क्षणी, मग मधल्या वेळात पावती आली तर? बरोबर आहे. त्यासाठी दोन्ही आज्ञा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, रिपीटेबल रीड या पातळीवर चालवायच्या. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ही पातळी मुळातच असते. पोस्टग्रेसमध्ये मूळ पातळी रीड कमिटेड आहे, तिथे आपल्याला सांगावं लागतं.

आता वेगाबद्दल. टेंपररी टेबल फुकट येत नाही, निकाल कुठेतरी लिहावा लागतो आणि पुन्हा वाचावा लागतो. निकाल एकदाच वापरायचा असेल तर हा उद्योग बहुधा तोट्याचा. शिवाय क्वेरी सलग असते तेव्हा ऑप्टिमायझरला पूर्ण चित्र दिसतं. शेवटी तुम्ही "फक्त पुणे जिल्हा" म्हणालात तर तो सुरुवातीलाच पुण्याचे ग्राहक गाळून घेऊ शकतो. तुम्ही आधी सगळ्या महाराष्ट्राचं टेंपररी टेबल बनवलं आणि मग त्यातलं पुणे मागितलं, तर बाकीच्या जिल्ह्यांची मेहनत वायाच. म्हणून गाळणी जितकी आधी लावता येईल तितकी लावा, आणि सिलेक्टनंतर तारा टाकून सगळे कॉलम ओढू नका.

उलट टेबल मोठं असेल आणि त्यावर वारंवार जॉइन करायचे असतील तर त्याला इंडेक्स द्या, टेंपररी टेबलालाही इंडेक्स देता येतो हे अनेकांना माहीतच नसतं. पोस्टग्रेसमध्ये अजून एक गोष्ट: ऑटोव्हॅक्यूम टेंपररी टेबलांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे टेबल भरल्यावर ॲनलाइझ ही आज्ञा हाताने द्यावी, नाहीतर प्लॅनर अंदाजपंचे चालतो.

व्ह्यू हा याचा भाऊ वाटतो, पण स्वभाव उलटा. साधा व्ह्यू म्हणजे नाव दिलेली क्वेरी. प्रत्येक वेळी ती पुन्हा चालते, म्हणून आकडे नेहमी ताजे आणि कष्टही दर वेळी नवे. सीटीई एका वाक्यापुरतीच जगते, पुढच्या क्वेरीला तिचं नावही माहीत नसतं. पोस्टग्रेसमध्ये १२ व्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, सीटीईचा निकाल नेहमी वेगळा बनवून ठेवला जायचा. त्यानंतर एकदाच वापरलेली साधी सीटीई मुख्य क्वेरीत विरघळवली जाते. जुन्या पुस्तकांतलं उत्तर ओरलला ठोकाल तर जपून.

प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाआधी हॅशचं चिन्ह लावलं की टेबल टेंपररी, दोन हॅश लावले तर ते इतर सेशनांनाही दिसतं. ही टेबलं टेंपडीबी नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये राहतात, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेंपडीबी नव्याने बनतो. ती सगळ्यांची सामाईक जागा आहे. एकाने तिथे डोंगर रचला तर लॅबमधल्या बाकीच्यांची कामं अडतात, आणि लॅब असिस्टंटचा ओरडा सगळ्या बॅचला बसतो. ओरॅकलच्या ग्लोबल टेंपररी टेबलाची रचना कायम असते, फक्त आतला माल सेशनपुरता असतो. त्यात काही सांगितलं नाही तर कमिट करताच सगळ्या ओळी उडतात, आणि "सर, इन्सर्ट झालं होतं, आता काहीच नाही!" असा सूर लॅबभर ऐकू येतो. ओळी टिकवायच्या तर ऑन कमिट प्रिझर्व्ह रोज असं बनवतानाच लिहायचं.

मायएसक्यूएलमध्ये एका क्वेरीत तेच टेंपररी टेबल दोनदा वापरता येत नाही. जिल्ह्याचे नग आणि एकूण नग एकाच क्वेरीत, त्याच टेबलातून दोन वेळा काढायला गेलात की "कान्ट रीओपन टेबल" असा संदेश येतो. एकूण बेरीज आधी काढून व्हेरिएबलमध्ये ठेवा, म्हणजे भागलं.

पीएचपीत प्रोजेक्ट करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की पहिल्या पानावर बनवलेलं टेंपररी टेबल दुसऱ्या पानावर सापडत नाही, कारण पान संपलं की नेहमीचं कनेक्शन संपतं. जावावाल्यांचं दुखणं उलटं. कनेक्शन पूल वापरला तर कनेक्शन बंद न होता दुसऱ्याला दिलं जातं, आणि आधीच्या माणसाचं टेबल आत तसंच पडलेलं असतं. मग "टेबल आधीच आहे" ही एरर कधी येते, कधी येत नाही, आणि डेमोच्या दिवशी हमखास येते. काम झालं की स्वतः ड्रॉप करायची सवय लावा.

पण ड्रॉप करतानाही डोळे उघडे ठेवा. मायएसक्यूएलमध्ये टेंपररी टेबलाला खऱ्या टेबलाचंच नाव देता येतं, आणि मग तुमच्या सेशनपुरतं खरं टेबल झाकलं जातं. समजा तुम्ही 'ऑर्डर' याच नावाचं टेंपररी टेबल केलंत. ड्रॉप टेबल म्हटलं की आधी टेंपररी जातं. झालं की नाही अशी शंका येऊन तीच आज्ञा पुन्हा चालवलीत, तर आता समोर असतं खरं टेबल, आणि सगळ्या सीझनच्या ऑर्डरी एका एंटरमध्ये साफ! म्हणून ड्रॉप टेंपररी टेबल असे तिन्ही शब्द लिहा. मग आज्ञा फक्त टेंपररीलाच हात लावते आणि चालू ट्रान्झॅक्शनही मध्येच कमिट करत नाही. नावाच्या सुरुवातीला 'टेंप_' लावलंत तर आणखी उत्तम.

सगळंच टेंपररी करायचं नसतं, याचंही एक उदाहरण हमरापूरच्याच धंद्यात आहे. "मागच्या वर्षी याच वेळी किती माल गेला होता?" हा मालकांचा आवडता प्रश्न. पण याच वेळी म्हणजे कधी? गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ ची १४ सप्टेंबरला. तारखेला तारीख लावून तुलना केली की फसलात. ३१ जुलै २०२५ ला चतुर्थीला २७ दिवस उरले होते. २०२४ मध्ये तेवढेच दिवस उरले होते ते ११ ऑगस्टला. तुलना या दोन तारखांची व्हायला हवी. त्यासाठी दर वर्षीच्या चतुर्थीची तारीख एका छोट्या टेबलात लागते, आणि ते टेबल कायमचं हवं. दर वेळी पंचांग बघून टेंपररी टेबल भरणं म्हणजे नुसता व्याप.

आता हातानं करून बघायला घरचंच उदाहरण घ्या, आपली मेस. तीन टेबलं बनवा: 'हजेरी' (विद्यार्थी, तारीख), 'पाहुणे' (विद्यार्थी, तारीख, किती जण) आणि 'सूट' (विद्यार्थी, सुट्टीचे दिवस). पाच-सहा मित्रांची एका महिन्याची खरी माहिती भरा. एकाने दोनदा पाहुणे आणले असतील आणि एकाने एकदाही नाही, असे नमुने मुद्दाम घ्या. आधी तिन्ही टेबलांचा सरळ जॉइन करून प्रत्येकाचे जेवणाचे दिवस मोजा. मग हजेरी आणि पाहुणे यांची वेगवेगळी टेंपररी टेबलं करून मोजा. पहिल्या पद्धतीत ज्याचे दिवस ३१ च्या वर निघतील, त्याने पाहुणे एकापेक्षा जास्त वेळा आणलेत हे वेगळं सांगायला नको. आणि ज्याचं नावच बिलात नाही, त्याला ही गोष्ट मेस सेक्रेटरीच्या आधी तुम्ही सांगू नका!